घडीतलं उत्तर

“हाल्या नापास,” बकुळाबाई म्हणाल्या आणि लाल पेनने त्या रकान्यात गोल काढला.

“अहो बाई, एक संधी द्या त्याला,” लडक्या गुरुजी म्हणाले. “पाच लाखांचं बोलतो तो.”

“बोलतो! तेव्हाही बोलायचा. तीसपर्यंत पाढे येतात म्हणायचा आणि बाराच्या पाढ्याला पोटात दुखायचं. हे वाचा. साठीनंतर दर बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा.”

“म्हणजे कसं?”

बकुळाबाईंनी बशीतली पाच बिस्किटं टेबलावर ओळीने मांडली. “हे हॉस्पिटलचं बिल. ही चार कंपनीची. हे एक तुमचं. आजारी तुम्ही, हप्ता तुमचा, वर हेही तुमचं. आणि एकदा नाही, दर वेळी.”

गुरुजींनी पाचवं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं. “घ्या. माझा हिस्सा भरला.”

बकुळाबाई हसल्या. चारोटी नाक्यावरच्या त्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर त्या पाचव्या रविवारी बसल्या होत्या. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर पेल्यातलं पाणी थोडं हलत होतं. महालक्ष्मीची यात्रा आठवड्यावर आली होती. समोरच्या मोकळ्या जागेत खेळण्यांच्या दुकानांसाठी बांबू उतरत होते.

खरा हाल्या तीस-बत्तीस वर्षांपूर्वी झरीच्या शाळेत चौथीला होता. आता तो भिलाडला कारखान्यात होता आणि त्याचीच मुलं कॉलेजात होती. टेबलावर पसरलेल्या तक्त्यातला हाल्या ही एक विमा कंपनी होती. कंपन्यांची खरी नावं इंग्रजी आणि सगळी एकाच घरातल्या भावंडांसारखी. गुरुजींचा पहिल्या रविवारी दर दोन मिनिटांनी गोंधळ व्हायला लागला, तेव्हा बकुळाबाईंनी त्यांना झरीच्या मुलांची नावं देऊन टाकली. मग काहीच अवघड राहिलं नाही. हाल्या मोठं बोलणारा. तुक्याचं अक्षर मुंगीएवढं, सगळ्या अटी त्यातच. बाबल्या वर्षभर हजर आणि परीक्षेच्या दिवशी गायब. गंगी मागच्या रांगेतली, फारसं न बोलणारी.

तक्ता जाड पांढऱ्या कागदाचा होता. वर सुवाच्य अक्षरात ‘निकालपत्रक’ लिहिलं होतं. उभ्या रकान्यांत चार नावं, आडव्या ओळींत विषय: खोलीचं भाडं, जुन्या आजाराला किती वर्षं थांबायचं, जवळचं हॉस्पिटल, आपला हिस्सा. शेवटी शेरा.

गुरुजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. नोकरीत होते तोवर दवाखान्याची बिलं शाळेमार्फत जात. ते संपलं तेव्हा त्यांनी फारसा विचार केला नव्हता. मागच्या दिवाळीत छातीत दुखायला लागलं, मुलाने, मनिषने, झरीहून वापीला नेलं. दुखणं मोठं निघालं नाही, पण रक्तदाब निघाला, साखर निघाली. फेब्रुवारीत त्यांचा बकुळाबाईंना फोन आला होता. “बाई, मनिषने विम्याचे चार-पाच कागद आणून ठेवलेत. मराठीतले शब्द आहेत, पण मराठी नाही. तुम्ही गणिताच्या. तुमचीही मेअखेर निवृत्ती. दोघांनी मिळून बघू या का?”

गुरुजींची झरी आणि बकुळाबाईंचं चिखले यांच्या मध्ये चारोटी. गुरुजी तलासरीवरून जीपने येत, बकुळाबाई डहाणूहून रिक्षाने.

“तुक्या?” गुरुजींनी विचारलं.

“तुक्याचं मागच्या रविवारीच झालं. खोलीच्या भाड्याला मर्यादा. त्याहून महाग खोली मिळाली, तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन, सगळंच त्या मापाने कापणार.”

“आणि ते लिहिलंय कुठे?”

“पान बावीस. तळाला.”

“अगदी तुक्या!” गुरुजी खुशीत म्हणाले. “बाबल्याचं मला आठवतं. वापी त्याच्या यादीत नाही.”

“वापी नाही, वलसाड नाही, डहाणू नाही. झरीहून माणूस ठाण्यापर्यंत नेईस्तोवर...” बकुळाबाई थांबल्या. “गैरहजर,” त्या म्हणाल्या आणि तिथेही लाल गोल काढला.

वापीचं नाव निघालं की त्या तशा थांबत. दिवाळीत भाऊबिजेच्या सकाळी त्यांना कळलं होतं. सदूदादाला ओवाळायचं ताट तसंच ठेवून त्यांनी घोलवडहून गाडी पकडली होती. वापीच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर काचेचा दरवाजा होता आणि दरवाज्याशी वही घेऊन बसलेला माणूस.

“पेशंटचे कोण तुम्ही?”

छत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बकुळाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “शाळेतली,” त्या म्हणाल्या.

“आत फक्त नातेवाईक, बेन. नातं काय लिहू?”

त्या जिन्याखालच्या खुर्चीवर दोन तास बसल्या. मनिष औषधं आणायला खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात वाडीतल्या चिकूंची पिशवी दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला. “चिकू पोचले,” एवढंच ते म्हणाले होते. मग बराच वेळ दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नव्हता.

“राहिली गंगी,” गुरुजी म्हणाले.

“गंगी मोठं काही सांगत नाही. तीन लाखच म्हणते. पण हिस्सा मागत नाही, खोलीची भानगड नाही, वापी आहे. तुमच्या रक्तदाबाला आणि साखरेला दोन वर्षं थांबायला सांगते. बाकीचे तिघे चार म्हणतात.”

“दोन वर्षं जातील,” गुरुजी म्हणाले. “थांबायची सवय असते माणसाला.”

बकुळाबाईंनी तक्त्याच्या खालच्या कडेकडे पाहिलं. तिथे कागद मागे दुमडलेला होता आणि घडीला साधी पिन टोचलेली होती.

बकुळाबाईंच्या तक्त्याला घडी असायचीच. झरीला असताना त्यांनी ती पद्धत काढली होती. पुढे प्रश्न, मागे दुमडलेल्या भागात उत्तर. मुलांनी आधी आपलं उत्तर सांगायचं, मगच एकाने उठून पिन काढायची आणि घडी उघडायची. शेजारच्या वर्गातून गुरुजी हे बघत. पुढे त्यांच्याही वर्गात तसेच तक्ते लागले. “घडी उघडायची घाई करायची नाही,” ते मुलांना सांगत. “उत्तर कुठे पळून जात नाही.”

तेव्हा बकुळाबाई पंचविशीच्या होत्या. शाळा सुटल्यावर दोघं पायरीवर बसून वह्या तपासत. गुरुजींची बरोबरची खूण वेगळी होती. तिला लांब शेपटी असायची, पार समासाबाहेर जाणारी. खाली नावाची दोन अक्षरं आणि तारीख. मुलं शेपट्या मोजायची. एका शनिवारी सदूदादा बहिणीला भेटायला स्कूटरवरून झरीला आले. पायरीवर एकाच वहीवर वाकलेली दोन डोकी त्यांनी पाहिली. बोलले काही नाहीत. बकुळाबाईंनी केलेला चहा प्यायले, गुरुजींशीही दोन शब्द बोलले आणि गेले. जूनमध्ये बदलीचा कागद आला, चिखल्याजवळच्या शाळेचा. निरोपाच्या दिवशी गुरुजी मुलांना रांगेत उभं करून गाणं म्हणवून घेत होते. ते स्वतः मात्र गात नव्हते. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. धाकली नावाची त्यांची बायको चांगली बाई होती. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा बकुळाबाई दहाव्याला जाऊन आल्या होत्या.

आताच्या तक्त्यातली घडी दुसऱ्या रविवारची होती. त्या सकाळी घरी ओळी आखताना गंगीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यांना एक चौकोन दिसला होता. दोन वेगवेगळ्या विम्यांपेक्षा दोघांचा मिळून एक काढला तर कमी पैशात जास्त मिळत होतं. त्यांनी पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने, तक्त्याच्या तळाशी आणखी एक ओळ आखली. ‘दोघांचा एकत्र (पती-पत्नी).’ आकडे लिहिले. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘सर्वांत चांगला’. गणित म्हणून पाहिलं तर ते खरंच होतं. मग ती ओळ खोडायची सोडून त्यांनी कागद मागे दुमडला आणि पिन लावली.

त्याच दिवशी निघताना गुरुजी म्हणाले होते, “तक्ता मी नेऊ? मनिषला दाखवतो.” आणि बकुळाबाईंना नाही म्हणता आलं नव्हतं. कात्रीने तेवढी पट्टी कापून देता आली असती. तेव्हा ते सुचलं नाही, असं त्या स्वतःला सांगत.

तेव्हापासून तक्ता गुरुजींकडेच होता. दर रविवारी ते तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणत, टेबलावर पसरत आणि हाल्या-तुक्यावर हसत. घडीबद्दल एक शब्द नाही. म्हणजे त्यांनी ती उघडली नव्हती. किंवा उघडली होती आणि त्यांना काही म्हणायचं नव्हतं. आज कंपनी ठरणार, फॉर्म भरला जाणार. त्यानंतर चारोटीला यायला काही कारण उरणार नव्हतं.

“मग गंगी?” गुरुजींनी विचारलं.

“गंगी,” बकुळाबाई म्हणाल्या.

गुरुजींचा हात तक्त्याच्या कडेवर होता, घडीपासून चार बोटांवर. मग त्यांनी तक्ता गुंडाळायला घेतला.

“काय गुरुजी, आज फायनल ने?” गल्ल्यावरच्या गुजराती शेठने विचारलं. “महिनाभर परीक्षा चालली तुमची.”

“निकाल लागला, शेठ. मुलगी पहिली आली.”

“मुलगीच येते आजकाल,” शेठ म्हणाला आणि सुटे परत दिले.

हॉटेलच्या दोन गाळे पलीकडे सुनिताचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, विमा. सुनिता झरीची, गुरुजींची विद्यार्थिनी. तिने दोघांना येताना पाहिलं आणि उठून पाया पडली.

“बसा बाई. गुरुजी, तुम्ही पंख्याखाली बसा. आणि हा पेढा घ्या.”

“साखर आहे त्यांना,” बकुळाबाई म्हणाल्या.

“अर्धा,” गुरुजी म्हणाले. बकुळाबाईंनी पेढ्याचे दोन तुकडे केले, लहान त्यांना दिला. सुनिता बघत होती.

कॉम्प्युटरवर पान उघडलं. सुनिताने नावं विचारली, जन्मतारखा टाकल्या, मग ती पडद्याजवळ वाकली. “बाई, एक सांगू? तुम्ही दोघांचे वेगवेगळे कशाला काढता? दोघांचा मिळून घेतला ना, तर खूप स्वस्त पडतो. आणि कव्हर पण जास्त—” ती एकदम थांबली. तिचा चेहरा लाल झाला. “म्हणजे... त्याला नवरा-बायको लागतात. सॉरी बाई. तोंडातून गेलं.”

बकुळाबाईंनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, बंद केलं.

गुरुजी बाहेर बघत होते. समोर बांबूचा सांगाडा उभा राहत होता आणि वर चढलेला माणूस खालच्याकडे दोरी मागत होता. “ते पाहिलंय आम्ही, सुनिता,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “वेगवेगळेच काढ.”

पाहिलंय म्हणजे पुस्तिकेत, बकुळाबाईंनी मनाशी म्हटलं. पुस्तिका त्यांच्याकडेही होतीच.

सुनिता भराभर टाइप करू लागली. “आधीचा काही आजार, गुरुजी? बीपी, शुगर?”

गुरुजींनी बकुळाबाईंकडे पाहिलं. “लिहायचं?”

“लिहायचं. मुलांना काय शिकवलं जन्मभर?”

“लिही बाई, लिही. रक्तदाब आणि साखर. आणि अर्धा पेढा पण लिही.”

सुनिता हसली. दुकानातली हवा जरा मोकळी झाली. “तपासणीला बोलावतील हां, गुरुजी. साठीच्या पुढे असतं ते. नॉमिनी कोण?”

“मनिष. मुलगा.”

“बाई, तुमचा?”

“प्रितेश. भाचा. सदूदादांचा मुलगा.”

“आता अर्जंट काही झालं तर फोन कोणाला करायचा, ते. गुरुजी, इथे पण मनिषदादाच टाकू?”

“नको,” गुरुजी म्हणाले. “मनिष कामावर असला की फोन उचलत नाही. बाईंचा नंबर टाक.”

सुनिताने नंबर टाकला. तो तिला सांगावा लागला नाही, तिच्याकडे होताच. मग तिची बोटं थांबली. “नातं?”

“ते लिहायलाच हवं?”

“लाल चांदणी आहे, गुरुजी. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “यातलंच एक निवडायचं. नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण... आणि शेवटी इतर.”

रस्त्यावरून एक मोठा कंटेनर गेला. झेरॉक्सच्या मशीनवरचा कागदांचा गठ्ठा थरथरला. गुरुजींनी यादी वरपासून वाचली, जशी ते पहिल्या दिवशी हजेरी वाचायचे, प्रत्येक नावाशी थोडं थांबून. बकुळाबाईंनी ती वाचली नाही.

“इतर टाक, सुनिता,” त्या म्हणाल्या.

सुनिताने टाकलं. फॉर्म पुढे गेला.

“आणि माझ्या फॉर्मातही गुरुजींचा नंबर घे,” बकुळाबाई म्हणाल्या. “प्रितेश असतो सुरतेला.”

“तिथे पण...?”

“तिथे पण.”

पावत्या निघाल्या. सुनिताने दोन वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या, प्रत्येकावर नाव लिहिलं आणि दोन्ही पाकिटं एका रबराने बांधून पुढे केली. मग चूक लक्षात येऊन तिने रबर काढला.

नाक्यावर डहाणूची रिक्षा भरत होती. दोन सीटा बाकी होत्या. तलासरीकडची जीप रस्त्याच्या पलीकडे थांबायची.

“दर वर्षी नवा करावा लागतो म्हणाली ना ती?” गुरुजींनी विचारलं.

“हो. मार्चमध्ये.”

“मग हे तुम्हीच ठेवा.” त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तक्ता पुढे केला. “पुढच्या मार्चला पुन्हा तपासावं लागेल. हाल्या सुधारलाही असेल.”

“हाल्या नाही सुधारायचा.”

“सुधारतात बाई. उशिरा सुधारतात काही.” ते रस्त्याकडे वळले, मग परत फिरले. “मे महिन्यानंतर काय करणार?”

“ओटीवर मुलं बसवीन म्हणते. वाडीतल्या मजुरांची. तुम्ही झरीला बसवता तशी.”

“बसवा. तक्ते करा त्यांना.” एवढं म्हणून ते गाड्यांकडे दोन्ही बाजूंनी बघत, मुलांना शिकवायचे तसे आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघत पलीकडे गेले. जीपमध्ये बसताना त्यांनी हात वर केला. बकुळाबाईंनीही केला. जीप निघाली, तेव्हाही इकडच्या रिक्षात एक सीट बाकीच होती.

डहाणूला उतरल्यावर घोलवडकडची एसटी सुटायला अर्धा तास होता. बकुळाबाई स्टँडवरच्या बाकावर बसल्या. शेजारी एक बाई ताडगोळ्यांची टोपली घेऊन बसली होती. बकुळाबाईंनी वर्तमानपत्र सोडवलं, तक्ता गुडघ्यांवर पसरला. आता ती पट्टी कापून टाकायची, असं त्यांनी रिक्षात ठरवलं होतं. पुढच्या मार्चला तक्ता साधा हवा.

पिनेला हात लावला आणि त्या थांबल्या. त्या पिन नेहमी डावीकडून घालत. ही उजवीकडून घातलेली होती. कागदावर डावीकडची जुनी दोन भोकं तशीच होती.

त्यांनी पिन काढली. घडी उघडली.

पेन्सिलची ओळ होती तशीच होती. आकडा पुसलेला नव्हता, शब्द खोडलेला नव्हता. शेऱ्याच्या जागी, ‘सर्वांत चांगला’च्या पुढे, लाल शाईने बरोबरची खूण केलेली होती. तिची शेपटी समास ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. खाली दोन अक्षरं, ल. व. आणि त्याखाली तारीख.

बकुळाबाईंनी चष्मा पुसून ती तारीख पुन्हा वाचली. चार मार्च. आज पंचवीस होती. पुढचे तीन रविवार ते हे सगळं माहीत असून समोर बसले होते, चहा घेत होते आणि बाबल्याला नापास करत होते.

“पोराचं काय आहे का, बेन?” टोपलीवाल्या बाईने तक्त्याकडे बघत विचारलं. “पास झालं?”

“हो,” बकुळाबाई म्हणाल्या. “पास आहे.”

एसटी आली. लोक उठले. बकुळाबाईंनी घडी पहिल्यासारखी मागे दुमडली, नखाने तिची कड नीट दाबली आणि पिन गुरुजींनी घातली होती तशीच, उजवीकडून, त्यांच्याच भोकांतून घातली.